तारेवरची नऊ घरे

एल्डाल, सस्कॅचवन
शनिवार, ११ फेब्रुवारी १९६१

प्रिय आयलर्ट,

आज शून्याखाली एकतीस. सकाळी दोन्ही गाईंची धार काढली, कोंबड्यांच्या पाण्यावरचा बर्फ फोडला, घरातली राख काढली. दहा वाजता शहरातून दफनाचे बघणारा माणूस आला आणि आर्विडचा काळा सूट घेऊन गेला. बूट नकोत म्हणाला, पेटीत दिसत नाहीत. दुपारी पास्टर येऊन गेले.

आर्विड परवा सकाळी गेला. गोठ्यात गेला तो नाश्त्याला परत आला नाही. मी बघायला गेले तेव्हा भिंतीला टेकून बसला होता, दाताळे मांडीवर आडवे. गाईंना चारा घालून झाला होता.

गुरुवारीच तुला टेलिग्राम केला आहे. दफन सोमवारी दोन वाजता. तू निघाला असशील तर हे पत्र तुझ्या दाराशी पडून राहील. निघाला नसशील तर वाच.

जमीन खोलवर गोठली आहे. म्हातारा सेल्मर दोन दिवस त्या जागेवर पेंढा आणि कोळसा पेटवतो आहे. काल मी त्याला कॉफी नेऊन दिली. तो म्हणाला, "आर्विडला म्हणावं, बारा वर्षांत एवढी कडक जमीन नव्हती लागली." मग काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आले आणि तो निखारे ढवळत राहिला. बारा वर्षांपूर्वी तुमच्या लेस्याची ती छोटी जागाही त्यानेच खणली होती.

तुझे जानेवारीचे कार्ड आले. या वर्षीही एकच ओळ. त्या दिवशी टेलिफोनच्या तारेवर कोण कोण होते? ही बारावी वेळ. माझे उत्तर तेच आहे. मला माहीत नाही.

आर्विडचे कागद आवरताना टेलिफोन कंपनीचा तो सूचनेचा तक्ता सापडला. सेक्रेटरी म्हणून त्यानेच तो लिहून आपल्या एकाच तारेवरच्या नऊही घरांत टेलिफोनशेजारी चिकटवला होता. "एकाच तारेवर जितके रिसीव्हर उचलले जातात तितका बोलणाऱ्याचा आवाज बारीक होतो. म्हणून दुसऱ्याचे बोलणे ऐकू नये. आणीबाणीत याने जीव जाऊ शकतो." शेवटचे वाक्य जास्त होते, असे तेव्हा सगळे म्हणाले होते. बर्टिना तर म्हणाली होती, "तुझ्या नवऱ्याला पास्टर व्हायचं होतं वाटतं."

तू आलास तर तुझ्यासाठी वरची खोली गरम करून ठेवते आहे.

तुझी बहीण,
रॅग्ना


गुरुवार, २ मार्च १९६१

प्रिय आयलर्ट,

आज वारा आहे, बर्फ नाही. मेंढीच्या लोकरीचे हातमोजे विणून संपवले. दुपारी टपाल आले, त्यात तुझे पत्र.

तू आला नाहीस. ते ठीक आहे. आर्विड चांगला माणूस होता असे लिहिलेस, तेही ठीक. पण त्याच्याच खाली पुन्हा तोच प्रश्न. नवऱ्याला पुरून सतरा दिवस झालेल्या बाईला तू हे विचारतोस.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होते. अंड्याचे सँडविच, सात तऱ्हेचे केक. बर्टिना हाउगेन कॉफी ओतत होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तिने विचारले, "काय गं, आयलर्ट नाही आला?"

मी म्हटले, "लांबचा प्रवास आहे."

"लांबचा कसला! रेल्वे थेट जाते. बायकोला कोबी किसायला मदत करत असेल बिचारा."

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. मग कोणीतरी तुझ्या पारास्काची नक्कल केली, जशी पूर्वी करत, ओठ पुढे काढून प्श-प्श-प्श. बारा वर्षांनी अजून त्यांना ती येते. सेल्मर म्हणाला, "बर्टिना, निदान तोंडात घास आहे तोवर तरी गप बस." ती म्हणाली, "तुझा घास मोठा आहे, तू बस." आणखी हसणे झाले. आर्विडची टोपी अजून तिथल्या खुंटीवर होती. त्या दिवशी मी ती घरी आणायला विसरले.

तुला नावे हवीत ना? घे.

बर्टिना होती. तुलाही तिचाच संशय होता. लेस्या गेल्याचे तिला कोणी कळवले नव्हते आणि तरी संध्याकाळी ती तुझ्या दाराशी केक घेऊन उभी होती, आणि केक गरम होता. हे तू मला लेस्याच्या दफनाच्या दिवशी म्हणालास. मी म्हटले होते, ती सोमवारी केक करतेच. ती सोमवारी कपडे धुते, आयलर्ट. सगळ्याच धुतात.

टोल्लेफसन नवराबायको होते, दोघे एका रिसीव्हरला कान लावून. सेल्मर होता. बाकीचेही होते. पारास्का तारेवर आली की सगळेच उचलत, शनिवारी ती आईशी बोलायची तेव्हासुद्धा. शब्द कोणाला कळत नसे, पण नुसता आवाज ऐकून करमणूक होत असे. आठवडाभर पुरत असे.

त्या दिवशी तिने टेलिफोनची दांडी फिरवली आणि आठ घरांनी रिसीव्हर उचलले. एक्स्चेंजवर ओलिनाला "डॉक्टर" एवढेच ऐकू आले, तेही विहिरीच्या तळातून आल्यासारखे. कोणाचे घर, काय झाले, काही नाही. ओलिना ओरडली, "खाली ठेवा! सगळ्यांनी खाली ठेवा, मला ऐकू येत नाही!" कोणी ठेवला नाही. ठेवला की खट्ट वाजते. त्या क्षणी ठेवणे म्हणजे मी ऐकत होते असे कबूल करणे. प्रत्येकाला वाटले, दुसरा ठेवेल. आपल्या एकट्याने काय फरक पडतो.

आमच्या घरचा रिसीव्हर आईने उचलला होता.

आई जाऊन सहा वर्षे झाली. आता सांगायला हरकत नाही. तू आणि आर्विड तळ्यावर बर्फाच्या लाद्या कापायला गेला होतात. मी बाहेर दोरीवर कपडे घालत होते. आत आले तर आई टेलिफोनपाशी. मी विचारले तर म्हणाली, "तुझ्या भावाची गॅलिशियन ओरडतेय." सगळ्या युक्रेनियन लोकांना ती हिणवून हेच म्हणे. लेस्याला ती कधी नावाने हाक मारत नसे, हे तुला माहीत आहे. ती नात आहे असेही कधी म्हणाली नाही. तेव्हा तिच्याकडून वेगळे काय होणार होते?

आता तुला उत्तर मिळाले. पुढच्या जानेवारीत कार्ड पाठवू नकोस.

रॅग्ना


रविवार, २६ मार्च १९६१

प्रिय आयलर्ट, प्रिय पारास्का,

आज चर्चला गेले नाही. रस्ता मोकळा आहे, तरी गेले नाही. मंगळवारी पत्र आले, तेव्हापासून ते पिठाच्या डब्याखाली ठेवले आहे आणि रोज काढून वाचते.

पाकिटावर पारास्काचे अक्षर बघून मला वाटले, आयलर्टला काही झाले. मग वाचले.

तुम्ही लिहिता, त्या दिवशी ओलिना ओरडायची थांबली तेव्हा तारेवर क्षणभर शांतता होती, आणि त्या शांततेत पारास्काला एका म्हातारीचा आवाज आला. लांबून, खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, बहिऱ्या माणसासारखा मोठा. "रॅग्ना, कोण आहे गं?"

आईच विचारत होती. आई खिडकीपाशी बटाटे सोलत होती. मी बोलायच्या तोंडावर ॲप्रन दाबून धरला होता, आम्ही सगळ्या धरत होतो, आवाज जाऊ नये म्हणून. माझे हात धुण्याने ओले होते. ॲप्रन सरकला असेल.

होय, मी होते.

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. बारा कार्डे तू माहिती काढायला पाठवली नव्हतीस, आयलर्ट. मी सांगते का, ते बघायला पाठवलीस. आणि मी तेराव्यांदा सांगायच्या ऐवजी आईला पुढे केले. दोन मार्चचे पत्र जाळून टाका. आईने लेस्याला नावाने हाक मारली नाही हे खरे आहे, पण रिसीव्हर तिने उभ्या आयुष्यात उचलला नाही. तिला ऐकूच येत नसे.

आर्विडने मला एकदाच विचारले होते. तुमच्या घरून परत आला त्या रात्री, बूट न काढता. "तू उचलला होतास?" मी म्हटले, नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टेलिफोन स्वयंपाकघरातून काढला आणि बाहेरच्या पडवीत बसवला, जिथे शेगडी नाही. म्हणाला, इथला गिलावा सुटतोय. गिलाव्याला काही झाले नव्हते. बारा हिवाळे मी कोट घालून फोनवर बोलले. आम्ही दोघे याबद्दल बोललो नाही. तो वाईट वागला नाही. वाईट वागला असता तर बरे झाले असते.

पारास्का, तू लिहितेस की तू कोणाला दोष देत नाहीस. तोंडातून इंग्रजी "डॉक्टर" एवढेच निघाले आणि बाकी सगळे तुझ्या भाषेत, मग ऐकू आले असते तरी कोणाला समजले असते? तुझी भाषाच आड आली, असे तू लिहितेस, आणि म्हणून इथून तिकडे समुद्राकाठी गेल्यापासून तू ती घरात बोललेली नाहीस. मुलाशीही नाही.

इथे उठून शेगडीत कोळसा घालून आले.

तिथे एक खोली रिकामी आहे, समुद्राच्या बाजूला, आणि मी यावे, असे तुम्ही दोघांनी लिहिले आहे. मी हे वाक्य पुष्कळदा वाचले. इथे मी आहे, दोन गाई आहेत आणि रविवारी बर्टिना आहे. शेत टोल्लेफसन घ्यायला तयार आहे. अवजारांचा लिलाव मेमध्ये होऊ शकेल.

मी येईन.

रॅग्ना


बुधवार, १९ एप्रिल १९६१

प्रिय आयलर्ट,

आज बर्फ वितळतो आहे. अंगणात घोट्याएवढा चिखल. सकाळी लिलाववाला आला, नांगर आणि पेरणीयंत्रावर खडूने आकडे टाकून गेला. बर्टिना त्याच्या मागून आली. तिला दुधाची साय काढायचा सेपरेटर लिलावाआधी बघायचा होता.

ती स्वयंपाकघरात फिरली. कपाट उघडून बघितले. म्हणाली, "जातेस म्हणे गॅलिशियन लोकांत राहायला."

"भावाकडे जातेय."

"तेच ते. म्हातारी आली आहे ना तिची आई तिथे? पोस्टात कळलं." पोस्टात काय कळत नाही! "मग छान जमेल तुमचं दोघींचं. तिला तुझं कळणार नाही, तुला तिचं. भांडण नको, तंटा नको." आणि ओठ काढून ती प्श-प्श करत हसली.

मी म्हटले, "सेपरेटर विकायचा नाही."

"अगं, खडूचा आकडा आहे की त्याच्यावर."

मी ओल्या फडक्याने आकडा पुसला. "डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या," असे ती म्हणाली आणि चिखलातून स्कर्ट उचलत गेली.

पारास्काच्या आईबद्दल मला पोस्टातून नाही, तुझ्या मागच्या पत्रातून कळले. ती तुमच्याकडे राहायला आली, दिवसभर बोलते, आणि नातू तिच्या तोंडाकडे बघत बसतो कारण त्याला एक शब्द समजत नाही. पारास्का तिला इंग्रजीत उत्तर देते आणि म्हातारी रडते. तू थट्टेने लिहिलेस की माझी खोली तिच्या शेजारी आहे, तेव्हा मला शांतता मिळेल. त्या दिवसापासून मी हे पत्र लिहायचे टाळते आहे.

मला तिचे बोलणे समजते, आयलर्ट.

दोन वर्षे दर शनिवारी मी ऐकत होते. बाकीचे पाच मिनिटे ऐकून, हसून, ठेवून देत. मी शेवटपर्यंत थांबे. आर्विड शनिवारी गावात जाई, आई झोपे. आई पारास्काला घरात येऊ देत नव्हती आणि मला तुमच्याकडे येऊ देत नव्हती. आम्हाला मूल झाले नाही. लेस्याबद्दल ऐकायचे तर तोच एक रस्ता होता. पारास्का तिच्या आईला सगळे सांगे. दात आला. पाव खाल्ला. मांजराची शेपटी ओढली. आधी मला फक्त नाव ओळखू येई, मग एकेक शब्द. मी दोन वर्षे शाळेत शिकवले आहे, भाषा कशी शिकायची ते मला ठाऊक होते. एका जुन्या वहीत लिहीतही असे. दात म्हणजे झूब. बर्फ म्हणजे स्नीह. म्हातारी दर वेळी शेवटी विचारी, पोर हसते का, आणि पारास्का रिसीव्हर लेस्याच्या तोंडाशी धरी. मी ते ऐकून मग ठेवत असे, सगळ्यांच्या नंतर.

सतरा जानेवारीला तारेवर नऊ घरे होती. पारास्का काय ओरडत होती ते आठ घरांपैकी एका घराला समजले. ने दीखाये. श्वास घेत नाही. घशात काहीतरी पांढरे आहे, निळी पडली, ने दीखाये, ने दीखाये. मला प्रत्येक शब्द कळला.

आमचे घर एक्स्चेंजच्या जवळ आहे. माझा आवाज गेला असता. ओलिना, आयलर्टचं घर, पोरीचा घसा बंद झालाय, असे मी म्हटले असते तर बास होते. पण मग ओलिनाने विचारले असते, तुला कसं कळलं? तारेवर बर्टिना होती, टोल्लेफसन होते. रविवारी तळघरात सगळ्यांना कळले असते की सेक्रेटरीची बायको चोरून ऐकते, आणि एवढी ऐकते की गॅलिशियन शिकली. मी हेच विचारात घेतले. दुसरे काही नाही. तेवढ्यात आईने विचारले, कोण आहे, आणि मी ठेवून दिला.

हे इथे संपत नाही. कोणाचे घर ते ओलिनाला कळले नाही, म्हणून तिने एकेका घराला घंटा दिली. डॉक्टर तिच्या शेजारी कोट घालून उभा होता. आमची घंटा वाजली, दोन लांब, एक आखूड. मी उचलला. ओलिना म्हणाली, "रॅग्ना, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का?"

मी म्हटले, "नाही. का गं, काय झालं?"

ती म्हणाली, "कोणीतरी डॉक्टर मागतंय," आणि पुढच्या घराला घंटा दिली. बर्टिनानेही असेच उत्तर दिले, टोल्लेफसननेही. ओलिनाने तुमच्या घरची घंटा शेवटी दिली, कारण यादीत तुम्ही शेवटी होता. तोवर पारास्का पोरीला घोंगडीत गुंडाळून रस्त्याला लागली होती आणि घरात कोणी नव्हते. सेल्मर ऐकत होता, पण त्यानेच एकट्याने घोडा जुंपला. रस्त्यात त्याला ती भेटली. डॉक्टर गाडी घेऊन चाळीस मिनिटांनी पोचला. तो म्हणाला ते मला आर्विडने सांगितले. अर्धा तास आधी आलो असतो तर गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करता आला असता.

मी कपडे दोरीवर घातले. ते सगळे.

पारास्काला हे वाचून दाखवायचे की नाही ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर दाखवले नसते. पण तू माझ्यापेक्षा बरा माणूस आहेस, आणि तिला एक गोष्ट कळायला हवी. तिची भाषा आड आली नाही. ती समजली होती. तिने आपल्या मुलाशी आणि आईशी हव्या त्या भाषेत बोलावे.

क्षमा मागत नाही. मागच्या पत्रात तुम्ही ज्याची क्षमा केलीत ते लहान होते, आणि मी ती घेऊन यायला निघाले होते, खोलीच्या स्वप्नात. म्हातारीच्या शेजारच्या खोलीत बसून मला न कळल्यासारखे करता आले असते. मला ते चांगले जमते. म्हणूनच येत नाही.

लिलाववाल्याला उद्या नको म्हणून कळवते. शेत टोल्लेफसनने कसावे, घर आणि बागेचा तुकडा मी ठेवते. उत्तर पाठवू नकोस. पाठवलेच तर त्यात काय असेल त्यावर माझा हक्क नाही.

तळघरातून बियाण्याच्या बटाट्यांची गोणी वर आणली आहे. त्यांना कोंब फुटले आहेत. आता कापायला बसते. प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे हवेत, आणि कापलेली बाजू दोन दिवस सुकायला हवी. एका माणसाला चार ओळी पुरतील.

रॅग्ना